घरी चेंबरचं पॅकिंग बदलायचं असेल तर: ऑइल पॅन खोलण्याआधीपासून गळती थांबेपर्यंत

गाडीखाली ऑइलचे डाग दिसायला लागले की पहिला संशय चेंबरवर जातो, म्हणजे ऑइल पॅनवर (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारं भांडं), कारण इंजिनात तोच सगळ्यात खाली असतो आणि थेंबही तिथूनच पडताना दिसतो. पण इंजिनाच्या वरच्या बाजूला कुठूनही ऑइल गळलं तरी ते उतरत उतरत चेंबरच्या कडेलाच येऊन लोंबकळतं. त्यामुळे पॅकिंग (चेंबर आणि इंजिन यांच्या मधलं सील, म्हणजे गॅस्केट) बदललं, अख्खा दिवस गाडीखाली घालवला, आणि आठवड्याभरात पुन्हा तोच डाग, असं बऱ्याच जणांचं होतं आणि मग दोष पॅकिंगवर जातो. खरं कारण बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं, एकतर गळती दुसरीकडचीच होती नाहीतर पॅकिंग बसवताना पृष्ठभागावर ऑइलचा पातळ थर राहून गेला होता. बोल्ट खोलणं आणि लावणं हा या कामातला सोपा भाग आहे, खरा वेळ शोधण्यात आणि पुसण्यात जातो आणि तो द्यायची तयारी असेल तरच हात घाला.

आधी गळती नक्की कुठली ते बघा

इंजिनाची खालची बाजू डिग्रीझर मारून, ब्रशने घासून, धुऊन पूर्ण कोरडी करून घ्या (अल्टरनेटर, सेन्सरचे कनेक्टर यांच्यावर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका). मग गाडी गरम होईपर्यंत चालवा, उभी करा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. क्रम वरून खालीच ठेवा. व्हॉल्व्ह कव्हर, ऑइल फिल्टर जिथे बसतो तो भाग, ऑइल प्रेशर स्विच, टायमिंग कव्हर, क्रँक पुलीच्या मागचं सील, आणि सगळ्यात शेवटी चेंबर. जी सगळ्यात वरची ओली जागा सापडेल ती गळतीची जागा, खालचं सगळं त्याचं उतरलेलं ऑइल. ब्लॉक (इंजिनाचं मुख्य धड) कोरडा ठणठणीत आहे आणि चेंबर नि ब्लॉकच्या मधली रेघ तेवढी ओली आहे असं दिसलं तरच गुन्हेगार पॅकिंग.

गाडी चालत असताना वारा ऑइल मागे ढकलतो, म्हणून पुढची गळतीसुद्धा मागे दिसते, तेव्हा एकदा जागेवर आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू) ठेवूनही बघा. तरीही कळत नसेल तर ऑइलमध्ये घालायचा यूव्ही डाय मिळतो, तो टाकून एक-दोन दिवस गाडी वापरायची आणि यूव्ही टॉर्चने बघायचं, गळतीची जागा हिरवट-पिवळी चमकते.

दोन ठिकाणी जास्त फसगत होते. एक म्हणजे ड्रेन प्लगचा, म्हणजे ऑइल काढायच्या भोकाला लावलेल्या बोल्टचा वॉशर, तो जुना झाला की थेंब बरोबर चेंबरच्या खालून पडतो आणि वॉशर बदलला की काम संपतं. दुसरं म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून टपकणारं ऑइल, ते बहुतेक वेळा क्रँकच्या मागच्या मोठ्या सीलचं असतं, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि चेंबरचं पॅकिंग कितीही वेळा बदललं तरी त्याला काही फरक पडत नाही.

अजून एक गोष्ट, पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आत साठणारा वायू बाहेर काढणारा व्हॉल्व्ह) चोक झाला असेल तर इंजिनाच्या आत प्रेशर साठतं आणि ते जिथे फट मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकलतं. एकाच वेळी दोन-तीन पॅकिंगं गळायला लागली असतील तर आधी तो तपासा, नाहीतर नवीन पॅकिंगही तसंच ओलं होईल.

आणि हो, खोलायच्या आधी चेंबरचे बोल्ट एकदा हलक्या हाताने तपासून घ्या. जुनं कॉर्क किंवा रबर दबून बसतं आणि बोल्ट सैल पडतात, मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत (आवळायच्या जोराचं माप) आणले की कधीकधी गळती तिथेच थांबते. मात्र बोल्ट आधीच घट्ट असतील तर अजून आवळू नका, त्याने फक्त पत्रा वाकतो. नुसता ओलसरपणा आहे, थेंब पडत नाही, ऑइलची लेव्हलही उतरत नाही, असं असेल तर घाई काहीच नाही, पुढच्या ऑइल चेंजच्या वेळी करा, नाहीतरी ऑइल काढावंच लागणार आहे.

तुमच्या गाडीत हे घरी जमणार का

गाडीखाली वाकून बघा, चेंबरच्या सगळ्या बोल्टपर्यंत सॉकेट पोचतंय का आणि चेंबर सरळ खाली उतरायला जागा आहे का. आडवं इंजिन असलेल्या बऱ्याच छोट्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांमध्ये फार तर सायलेन्सरचा पुढचा पाइप आणि एखादं ब्रॅकेट काढावं लागतं. पण चेंबरच्या बरोबर खालून क्रॉसमेंबर किंवा सबफ्रेम (गाडीच्या सांगाड्याचा आडवा आधार) जात असेल तर माउंटिंग खोलून इंजिन वर उचलावं लागतं किंवा सबफ्रेम खाली घ्यावी लागते, आणि ते इंजिन सपोर्ट बारशिवाय (इंजिन वरून टांगून धरणारी पट्टी) घरी करण्यासारखं काम नाही. अशी गाडी असेल तर सरळ गॅरेजला द्या, कमीपणा नाही त्यात.

त्याच वेळी तुमच्या गाडीत पॅकिंग कुठल्या प्रकारचं आहे तेही बघा. जुन्या गाड्यांत कॉर्कचं असतं, नंतरच्यांत मोल्डेड रबर किंवा मधे स्टीलची पट्टी असलेलं रबर, आणि आजकालच्या बऱ्याच गाड्यांत वेगळं पॅकिंगच नसतं, कंपनीतूनच लिक्विड सीलंट म्हणजे आरटीव्ही सिलिकॉन लावून चेंबर चिकटवलेला असतो. पार्ट मागायला गेलात आणि 'याला पॅकिंग येत नाही, ट्यूब लागते' असं उत्तर मिळालं तर ते बरोबर असू शकतं. ज्याला सीलंट सांगितलंय त्याला सीलंटच लावा आणि ज्याला रबर आहे त्याच्यावर 'अजून सेफ' म्हणून सगळीकडे सिलिकॉन थापू नका, रबर त्या सिलिकॉनवरून घसरतं आणि बोल्ट आवळताना बाहेर येतं.

सामान

जॅक, दोन मजबूत जॅक स्टँड, चाकामागे लावायला ठोकळे. सॉकेट सेट (चेंबरचे बोल्ट बहुतेक १० किंवा १२ एमएमच्या डोक्याचे), लांब आणि छोटं एक्स्टेन्शन, कमी रेंजचा टॉर्क रेंच, रबरी हातोडा, पातळ पात्याचा पटाशीसारखा स्क्रॅपर, प्लास्टिकचा स्क्रॅपर, ब्रेक क्लीनरचे दोन-तीन कॅन, धागे न सुटणारी फडकी, ऑइल धरायला पसरट ट्रे, ग्लोव्हज, गॉगल. पार्टमध्ये पॅकिंग किंवा सेन्सर-सेफ (गाडीचे सेन्सर खराब न करणारं) आरटीव्ही, ड्रेन प्लगचा नवीन वॉशर, ऑइल फिल्टर, नवीन ऑइल, आणि पिकअप पाइप (चेंबरमधून ऑइल वर ओढणारा पाइप) काढणार असाल तर त्याची ओ-रिंग.

टॉर्क रेंचबद्दल थोडं जास्त बोलतो. चाकाचे नट आवळायला जो मोठा टॉर्क रेंच असतो तो इथे कामाचा नाही. चेंबरचे एम६ (६ एमएम जाडीचे) बोल्ट साधारण ८ ते १२ न्यूटन मीटरवर बसतात, एम८ असतील तर २० ते २५ च्या आसपास (नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या), आणि मोठ्या रेंचला इतका कमी टॉर्क नीट कळत नाही. १० न्यूटन मीटर म्हणजे खरंच किती कमी असतं याचा हाताला अंदाज नसतो, आपण 'नीट बसलाय' म्हणतो तोपर्यंत तो दुप्पट झालेला असतो आणि अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमधले आटे गेले की मग एका बोल्टसाठी हेलिकॉइल (गेलेले आटे नव्याने करायची तारेची स्प्रिंग) बसवत बसा.

गाडी उचलणं आणि ऑइल काढणं

सपाट, पक्क्या जमिनीवर गाडी लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागेवरच लावायचा, चेंबरखाली कधीच नाही, चेंबर दबला तर आतल्या ऑइल पिकअपची जाळी आणि चेंबरचा तळ यांच्यातलं आधीच थोडं असलेलं अंतर बुजतं आणि इंजिनला ऑइल कमी पडतं. गाडी स्टँडवर बसली की हाताने जोरात हलवून बघा. हलली तर खाली उतरवून पुन्हा लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली एक मिनिटासाठीसुद्धा जायचं नाही.

इंजिन कोमट असताना ऑइल काढा. चटका बसेल इतकं गरम नको, पण पार थंडही नको, थंड ऑइल हळू उतरतं. ड्रेन प्लग काढा, फिल्टरही आत्ताच काढून टाका, आणि वरची ऑइल भरायची कॅप उघडून ठेवा. मग जितका वेळ देता येईल तितका द्या, शक्य असेल तर रात्रभर टपकू दे. पुढे ब्लॉकची कड पुसताना वरून एकेक थेंब येत राहिला की डोकं फिरतं, ते इथेच निम्मं वाचतं.

चेंबर उतरवणं

आड येणारं सगळं आधी काढा: खालचं प्लास्टिक कव्हर, सायलेन्सर पाइप (त्याचे नट गंजलेले असतील तर आदल्या दिवशीच पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा), फ्लायव्हीलचं खालचं कव्हर, ऑइल लेव्हल सेन्सरचा कनेक्टर असेल तर तो. स्टार्टर हलवावा लागणार असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

आता बोल्ट. एका पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढा, बोल्टच्या जागी भोकं पाडा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोचत जा, कारण बऱ्याच चेंबरना दोन-तीन वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट असतात आणि लांब बोल्ट छोट्याच्या जागी गेला तर तळाला टेकतो, रेंच क्लिक होतो, तुम्हाला वाटतं घट्ट झालं पण पॅकिंग दबलेलंच नसतं. गिअरबॉक्सच्या बाजूने चेंबरमध्ये येणारे दोन-तीन बोल्ट विसरू नका, चेंबर 'अडकलाय' म्हणून लोक ठोकत बसतात आणि बोल्ट तिकडे तसाच असतो. कोपऱ्यातले दोन बोल्ट अर्धवट सैल करून शेवटपर्यंत ठेवा, म्हणजे चेंबर सुटला तर तोंडावर येणार नाही.

रबराचं पॅकिंग असेल तर रबरी हातोड्याने बाजूने दोन-चार ठोके दिले की सुटतो. सीलंटने चिकटवलेला असेल तर तो हट्टी असतो. त्यात पातळ पातं एका कोपऱ्यातून आत घालायचं, हलकं ठोकायचं आणि कडेकडेने सरकवत न्यायचं. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, अॅल्युमिनियमवर पडलेला एक खोल ओरखडा म्हणजे कायमची गळतीची वाट. काही चेंबरना उचकटण्यासाठी कंपनीनेच एखादा खाचेचा कोपरा किंवा जॅकिंग बोल्टचं (बोल्ट फिरवला की चेंबर ढकलून सुटा करणारं) भोक ठेवलेलं असतं, आधी ते शोधा. आणि खाली घेताना आडवाच धरा, तळाला अजून बऱ्यापैकी ऑइल असतं.

चेंबरच्या आत बघा

चेंबर निघालाच आहे तर नुसता पुसून ठेवू नका, टॉर्च मारून आतलं नीट बघा. थोडा काळा गाळ असणं ठीक आहे. पण ऑइल बोटांवर घेऊन उजेडात धरल्यावर सोनेरी-तांबूस चमक दिसली तर ते बेअरिंगचं लक्षण असू शकतं, आणि चमकणारे कण चुंबकाला चिकटले तर ते लोखंड-स्टीलचे. प्लास्टिकचे तुकडे सापडले तर टायमिंग चेनच्या गाइडकडे बघावं लागेल. असं काही दिसलं तर पॅकिंगचा विषय बाजूला ठेवून आधी इंजिनाचं बघा.

वर ऑइल पिकअपची जाळी दिसेल. तिच्यात जुन्या सिलिकॉनच्या दोऱ्या अडकलेल्या दिसल्या तर समजायचं की आधी कोणीतरी सीलंट सढळ हाताने लावलंय. जाळी साफ करा. पाइप काढलात तर ओ-रिंग नवीनच घाला, जुनी घातली आणि तिथून हवा ओढली गेली तर ऑइल प्रेशर कमी दाखवतं आणि मग पुन्हा सगळं खोला.

सफाई, इथेच काम जिंकायचं किंवा हरायचं

दोन्ही पृष्ठभागांवरचं जुनं पॅकिंग आणि सीलंट पूर्ण निघालं पाहिजे. अॅल्युमिनियमवर प्लास्टिकचा स्क्रॅपर वापरा, स्टीलच्या चेंबरवर लोखंडी चालेल. ड्रिलला लावायच्या घासण्याच्या चकत्या इंजिनाच्या बाजूला अजिबात वापरू नका. काम फटाफट होतं हे खरं, पण त्यातून सुटणारी बारीक भुकटी ऑइलमध्ये जाते आणि बेअरिंग खाते, शिवाय पृष्ठभागही खोलगट होतो. सिलिकॉनचा शेवटचा पातळ पापुद्रा डोळ्यांना दिसत नाही, नख फिरवून बघा, नख अडकलं किंवा रबरासारखं लागलं तर अजून आहे. बोल्टच्या भोकांमधलं ऑइलही काढा, भोकात ऑइल साठलेलं असेल तर बोल्ट आत जाताना ते दाबून वर येतं आणि पॅकिंगच्या खाली पसरतं.

स्टीलच्या पत्र्याचा चेंबर असेल तर उलटा करून बोल्टच्या भोकांभोवती बघा. आधी कोणी जास्त आवळलेलं असेल तर तिथे पत्रा फुगलेला दिसतो, आणि अशा चेंबरला पॅकिंग फक्त बोल्टजवळ दबतं, मधल्या भागात सैल राहतं. कड सपाट लोखंडावर किंवा जाड लाकडावर ठेवून हातोडीने हळूहळू ठोकून सरळ करा, मग सरळ पट्टी धरून फट बघा. अॅल्युमिनियमचा चेंबर ठोकून सरळ होत नाही, तो वाकला किंवा चिरला असेल तर बदलायचा.

चेंबर केरोसीनने धुतला तर शेवटी ब्रेक क्लीनर मारून कोरडा करा, केरोसीनचा थर राहतो. ब्रेक क्लीनर पेट घेतो आणि त्याचा वास डोक्यात जातो, दारं उघडी ठेवा. ब्लॉकच्या कडेला मात्र हे अगदी शेवटी, चेंबर चढवायच्या दोन मिनिटं आधी पुन्हा करा, कारण तोपर्यंत वरून एखादा थेंब आलेलाच असतो. स्वच्छ पांढरं फडकं फिरवून बघा, डाग आला तर अजून एकदा.

पॅकिंग लावून चेंबर चढवणं

रबराचं किंवा कॉर्कचं असेल तर कोरडंच लावा, सीलंट फक्त मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी, म्हणजे बहुतेक वेळा जिथे ब्लॉक आणि टायमिंग कव्हर यांचा जोड चेंबरच्या कडेवर येतो तिथे आणि मागे सीलच्या हाउसिंगचा जोड येतो तिथे. अशा तीन भाग एकत्र येणाऱ्या ठिकाणी बारीक फट राहतेच, तिथे हरभऱ्याएवढा ठिपका पुरतो. पॅकिंग सरकत असेल तर दोन-तीन भोकांतून बारीक दोऱ्याने चेंबरला बांधा, बोल्ट धरले की दोरा ओढून काढा.

नुसत्या सीलंटचा चेंबर असेल तर ३ ते ५ एमएम जाडीची अखंड रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने, कुठेही न तुटता. जास्त लावल्याने जास्त सील होत नाही, उरलेलं दाबून आत जातं आणि तुटून थेट त्या जाळीत जाऊन बसतं. लावल्यापासून किती मिनिटांत चेंबर बसवायचा ते ट्यूबवर लिहिलेलं असतं, बऱ्याचदा १० मिनिटांच्या आसपास, त्यामुळे बोल्ट, रेंच सगळं हाताशी ठेवूनच ट्यूब उघडा. आणि एकच प्रयत्न. चेंबर टेकवून पुन्हा खाली घेतला, सरकला, तर सगळं पुसून नवीन रेघ. यासाठी एक युक्ती म्हणजे त्याच मापाच्या दोन लांब बोल्टची डोकी कापून ते समोरासमोरच्या भोकांत हाताने फिरवून ठेवायचे, चेंबर त्यांच्यावरून सरळ वर जातो, शेवटी ते काढून खरे बोल्ट घालायचे.

सगळे बोल्ट आधी बोटांनी लावा. मग मधून सुरुवात करून आळीपाळीने दोन्ही टोकांकडे, एकदा डावा एकदा उजवा, आधी निम्म्या टॉर्कला आणि दुसऱ्या फेरीत पूर्ण. पॅकिंग बाहेर डोकावायला लागलं तर थांबा, जास्त झालंय किंवा खाली ऑइल आहे. गिअरबॉक्सकडचे बोल्ट कधी लावायचे हा क्रम गाडीप्रमाणे बदलतो, मॅन्युअल बघा. ड्रेन प्लग नवीन वॉशर घालून त्याच्या स्वतःच्या टॉर्कला.

ऑइल भरणं

सीलंट लावलं असेल तर ट्यूबवर सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय ऑइल भरू नका, पूर्ण वाळायला साधारण २४ तास धरा. रबराच्या पॅकिंगला थांबायची गरज नाही, पण कोपऱ्यांत सीलंटचे ठिपके दिले असतील तर त्यांच्यासाठी थांबा. नवीन फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट फिरवून हाताने बसवा, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं आणि मापाचं ऑइल भरा. इंजिन चालू केल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, १० सेकंदांतही नाही विझला तर लगेच बंद करा, रेस देऊन बघू नका. विझला तर काही मिनिटं आयडलवर ठेवा, सायलेन्सर पाइपचा जोड फुरफुरत नाही ना ते ऐका, सगळ्या कडेने टॉर्च मारा, बंद करून ५-१० मिनिटांनी डिपस्टिक बघा आणि कमी असेल तेवढं भरा. पाइपवर सांडलेलं ऑइल पहिल्यांदा थोडं धुरावतं, घाबरू नका, पण धूर थांबत नसेल तर इंजिन बंद करून गळती शोधा.

काढलेलं ऑइल जुन्या कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल गोळा करतात तिथे द्या, गटारात किंवा मातीत नको, आणि हाताला लागलेलं साबणाने नीट धुवा, ते कातडीला चांगलं नसतं.

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर एकदा खाली बघा. कॉर्क असेल तर बोल्ट टॉर्कला एकदा पुन्हा तपासायला हरकत नाही, तो थोडा दबतो. सीलंटवाल्या चेंबरचे बोल्ट मात्र पुन्हा फिरवू नका, चिकटलेला थर तुटतो. ओलसरपणा दिसलाच तर आवळायच्या आधी पुसा आणि आयडलवर बघत बसा. मागच्या किंवा पुढच्या कोपऱ्यातच ओलं येत असेल तर तो जोडाचा ठिपका चुकलाय, आणि कडेने सगळीकडे सारखंच येत असेल तर पुन्हा पीसीव्हीकडे जा.